नऊ मिनिटांचं गाणं आणि बंद दार

आदरणीय अध्यक्षमहोदया, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आमचे साहेब, आणि आपापली भांडणं बाजूला ठेवून आज एका सभागृहात बसलेल्या तमाम गायक-वादक मंडळींनो,

मी बेस गिटार वाजवतो. बँडच्या फोटोत कडेला अर्धा कापला गेलेला असतो, तो मी. आयोजकांनी माझ्या हाती माइक देण्याचं धाडस केलंय, तेव्हा पाच मिनिटं सोसा.

आज निवृत्त होणाऱ्या साहेबांनी या रेकॉर्ड कंपनीत सव्वीस वर्षं एकच काम केलं. अल्बमच्या दहा गाण्यांतून सिंगल निवडायचं, म्हणजे रेडिओवर सगळ्यांत आधी एकटं जाणारं गाणं. घरी पाहुणे आले की आपण नीट बोलणारं पोर पुढे करतो, तसंच हे. पण कुठलं पोर नीट बोलतं, हे आईबापांना कधी कळलंय का? आमच्या बँडनं एकदा मतदान घेतलं. चार माणसं, चार चिठ्ठ्या, चार वेगळी गाणी. ज्यानं त्यानं स्वतःच रचलेलं लिहिलं होतं. आपला तो बाब्या, दुसरं काय.

साहेबांची पद्धत निराळी. आम्हाला भारी स्पीकरच्या खोलीत बसवायचे, गाणी लावायला सांगायचे आणि स्वतः चहाचा कप घेऊन बाहेर जिन्याच्या पायरीवर. दार बंद. म्हणायचे, "लोक नवीन गाणं पहिल्यांदा शेजारच्याच्या घरातून ऐकतात." ज्या गाण्याला त्यांचं बोट कपावर वाजू लागेल, ते सिंगल. आता बंद दारातून शब्द कळत नाहीत, बेस तेवढा ऐकू येतो. ही गोष्ट मी आमच्या गायकापासून अकरा वर्षं लपवली होती. आज सांगून टाकली, बरं वाटलं.

गायक म्हणजे माझे भावोजी. तिसऱ्या अल्बमच्या वेळी ताई त्यांच्याशी भांडून आमच्या आईकडे निघून गेली होती. कारण खासगी आहे, फक्त सगळ्या बँडला माहीत आहे. ती त्यांचा फोन उचलत नव्हती. पण आईच्या स्वयंपाकघरात दिवसभर रेडिओ चालू असतो. म्हणून भावोजींनी नऊ मिनिटांचं माफीचं गाणं रचलं. ते सिंगल झालं तर ताई ऐकेल आणि परत येईल, नाहीतर संसार संपला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

निवडीच्या दिवशी शब्द बाहेर पोचावेत म्हणून त्यांनी स्पीकर ओढत नेऊन दारालाच टेकवला आणि आवाज पूर्ण सोडला. साहेब उठले आणि एक मजला खाली जाऊन बसले.

निवडलं काय, तर माइक तपासताना आम्ही शिट्ट्या मारत दहा मिनिटांत केलेलं गाणं. आजही त्याच गाण्यावर आमचं पोट चालतं. भावोजी जिन्यातच रडायला लागले. "साहेब, माझी बायको ऐकणार होती हो."

साहेबांनी कप खाली ठेवला. "एका बाईला ऐकवायचंय, तर लाख लोकांना कशाला त्रास? तिच्या दारात जाऊन म्हण की."

गेलो. मी सोबत, कारण एकट्यानं जायला त्यांची हिंमत होईना. बंद दारासमोर त्यांनी सुरुवात केली. शब्द सुरू होण्याआधीच दोन मिनिटं गिटार. शेजारी गोळा झाले. दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला. तिसऱ्याला आतून ताई म्हणाली, "पुरे. उरलेलं आत येऊन म्हण." मी बाहेरच थांबलो. लाज कसली, मलाही रडू आलं.

परवा मी साहेबांना विचारलं, निरोपाची भेट काय देऊ? ते म्हणाले, "ते नऊ मिनिटांचं गाणं एकदा ऐकव. दार उघडं ठेवून." भावोजी हरखले. ते बघा, पहिल्या रांगेत, गिटार घेऊनच आलेत. पण काल ताईनं साफ नकार दिला. म्हणाली, "साहेबांना माझा नमस्कार सांग आणि सांग, ते गाणं माझं आहे. ते कुणालाच मिळणार नाही."

तेव्हा साहेब, क्षमा करा, ती भेट आणता आली नाही. सव्वीस वर्षांत तुम्ही शेकडो गाणी निवडलीत, पण न निवडलेलं हे एक गाणं जिथं पोचायचं तिथं बरोबर पोचलं.

मला बोलू दिलंत, आयोजकांचे आभार. घरातलं जरा जास्तच बाहेर आलं. सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. ताई घालणार नाही, तिचं मी घरी जाऊन ऐकून घेईन.