जुळा स्फटिक

—न्हाई मावशी, आधी खटकलं ते पाकिटावरचं नावच. आत काय लिहिलंय ते नंतर. दोन वर्षं मी हैद्राबादला सरांच्या हाताखाली रसायनशास्त्राचं संशोधन करून राह्यले, सुट्टीत घरी आले की त्यांचं पत्र यायचं. सर मराठीच, पण पत्र इंग्रजीतून, वर 'मिस उषा'. आणि ह्या खेपेला मराठीतून — 'चि. सौ. कां. उषा'. लग्नपत्रिकेत नवरीला लावतात ते! मी कुठं त्यांना लग्नाचं कळवलं होतं? दारातच पाकीट फोडलं — अगं बाई! वाजली का? माझी न्हाई? बसा, बसा. टेलिफोनची घंटी वाजली की मी उठतेच. सकाळच्या गाडीनं बदनापूरहून आले, तेव्हाच ट्रंक कॉल नोंदवलाय. पोस्टातले बाबू म्हणतात, लाइन मोकळी न्हाई.

काय करायची म्हणता तिथं? स्फटिक वाढवायची. हसू नका. खडीसाखर कशी, पाकात दोरा सोडून करतात — बराबर तसंच, फक्त साखरेऐवजी निकेलचा हिरवा क्षार. हलवायचं न्हाई, वारा लागू द्यायचा न्हाई — मी तर शिंक आली की बाहेर पळायची. मंग त्यातला मोहरीएवढा एक निवडायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांवरून गणित करत करत आत अणू कसे रचलेत ते काढायचं. कुणीच पाहिलेलं नसतं ते, मावशी. मी उर्दूतून मॅट्रिक झालेली, पोलीस ॲक्शनच्या साली — आणि ते आधी मला दिसणार होतं!

तर पत्रात काय — वडिलांचं पत्र पोचलं, आनंद झाला, तुझी जागा मच्छिंद्रला दिली — माझ्यामागून तिथं आलेला विद्यार्थी तो — तुझा स्फटिक नि फिल्माही त्याच्याकडेच सोपवल्या, आशीर्वाद. झालं. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, मला न विचारता — न्हाई. विचारलं होतं. खोटं कशाला बोलू. "सोयरीक चांगली आहे पोरी, लिहू का तुझ्या सरांना?" — आणि मी मान हलवली. घाबरून. दादांना न्हाई हो! दादांनी तर गावाचे टोमणे खाऊन शिकवलं — "काय धर्मराज, पोरगी एवढ्या लांब खडे निवडायला धाडली का?" — त्यांना कशाला घाबरू?

फिल्मांना घाबरले. सुट्टीला घरी निघायच्या आदल्या दिवशी भिंग लावून बघते, तर प्रत्येक ठिपक्याला चिकटून दुसरा ठिपका. फिकट, पण आहे. जुळं केळं असतं बघा, आपल्याला खाऊ देत न्हाईत ते — तसा तो स्फटिक. दोन एकमेकांत वाढलेले, आणि बाहेरून बिलकुल एकच. दोघांचे ठिपके एकाचेच समजून मी दीड वर्ष गणित केलं. सगळं चूक. सरांना सांगितलं? न्हाई. फिल्मा पाकिटात घातल्या, गाडीत बसले. दादांनी विचारलं तेव्हा वाटलं — खरं सांगते — सुटले बाई.

आणि आता तो मच्छिंद्र, बायकापोरं गावी ठेवून आलेला, तेच ठिपके मोजून राह्यला असेल. माझी दीड वर्षं गेली ती गेली, आता त्याचीही जाणार. जागा मला परत मिळायची न्हाई, माहीत आहे मला. मागणारही न्हाई. एकच वाक्य बोलायचं, आगगाडीत पाठ करत आले — सर, तो स्फटिक टाकून द्या, नवा वाढवायला लावा. एवढं बोलले की —

हैद्राबाद? माझं? आले, आले! मावशी, धरा ही पिशवी. हॅलो? हॅलो! जरा मोठ्यानं — सर आहेत का? ... कोण? मच्छिंद्र? ... हो, मीच. ... काम? न्हाई, तसं काही खास न्हाई. ... हो. लग्न वैशाखातच. ... या ना. जरूर या.