आजी झेंड्याच्या सत्काराला येत नाही

हॅलो?… हो क्वामेनामामा, मी आराबा… नाही, आम्ही निघालो नाही अजून. गाडी दारात आहे, आजी खाटेवर आहे… अहो, ठणठणीत आहे. मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे दोन केंकी गोळे आणि तळलेला मासा खाऊन बसलीय. येत नाही म्हणते… मंत्री येऊन बसले, हो, कळलं. तिलाही सांगितलं. म्हणाली, बसू दे.

का म्हणजे? ते सत्काराला नेसायला तुम्ही छापून पाठवलेलं कापड… पोचलं ना, सगळा गठ्ठा पोचला. मामा, काळं-पांढरं कुणी सांगितलं होतं?… अहो, भरपूर जगून गेलेल्या माणसाच्या अंत्यविधीला नेसतात ते. जित्या बाईच्या सत्काराला?… ‘वय ऐंशीच्या वर’ एवढंच सांगितलंत? मग छापखान्यानं काय समजायचं?

ऐका ना. वर आजीचा फोटो, खाली तिनं काढलेला देशाचा झेंडा, त्याखाली जन्मतारीख… तारीख बरोबर आहे. पण पुढे आडवी रेघ मारून जागा मोकळी सोडलीय. आजीनं भिंग लावून पाहिलं. म्हणाली, “घाई कुणाला झालीय, क्वामेनाला की मंत्र्याला?”

…कोजो, कापड चोखायचं नाही, रंग जातो त्याचा… तुम्हाला नाही मामा, पोराला.

नाही, रडत नाहीये. चिडलीय, पण त्या रेघेवर नाही. म्हणते, पहिला झेंडा मी माझ्या परकराच्या कापडातून शिवला, साहेब लोक घडी घालून घेऊन गेले, आणि तेव्हापासून मंचावरून दरवर्षी काय? ‘एका शिक्षिकेनं काढला.’ मेल्यावर तरी माणसाचं नाव घेतात… यंदा घेतील म्हणता. भाषणाचा कागद तुमच्याकडेच आहे ना? वाचा बरं तेवढी ओळ…

परत वाचा.

‘एका थोर शिक्षिकेनं’… हो, थोर घातलंय, ऐकलं मी. आजीनंही ऐकलं. स्पीकरवर आहात तुम्ही.

आता मला काय विचारता?… थांबा. उठली… गठ्ठा सोडतेय… मामा, ती काळं-पांढरंच नेसतेय… हो, रेघेसकट. येते म्हणते, पहिल्या रांगेत खुर्ची ठेवा… मलाच धाकधूक होतेय, तिचं बीपी… विचारलं मी, तिथं जाऊन करणार काय. म्हणाली, “मंत्री ‘एका’ म्हणाला की उठून माइक घेणार आणि माझं नाव सांगणार. मेलेल्या बाईला खाली बस म्हणायची कुणाची छाती आहे?”

ठेवा आता फोन, मामा… ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा.