आंबादासच्या नावाची बरणी

मंडळी, माइक जरा खाली करा. मला माइकची गरज न्हाई, शेताच्या त्या टोकाहून बैल वळवणारा माणूस आहे मी.  

समोर गयाबाई बसल्यात. त्यांचा लेक आनंद गेला. सकाळी जलदान विधी झाला तेव्हा मी बाहेर लिंबाखाली उभा होतो. या विहाराची पायरी मी आज पहिल्यांदा चढलो. साठ वर्षं झाली, माझ्या घरापासून इथवर हाक ऐकू येते, तरी चढलो नव्हतो. हे पण सांगून टाकतो, कारण आज मी सगळंच सांगणार आहे.

माझ्या आधी जे बोलले ते म्हणले, डॉक्टर आनंद यांचं अपघाती निधन झालं. सापळे बांधताना शिडीवरून पडले. पंचनाम्यात पण तेच लिहिलंय. मी इचारतो, शिडीवरून पडलेल्या माणसाच्या पाठीवर पऱ्हाटीचे, कापसाच्या काडीचे वळ उठतेत का? शिडीवरून पडलेल्या माणसाचा उजवा हात दोन जागी मोडतो, अन् दोन्ही बाजूंनी मोडतो का?

बसा. कोणी उठू नका. मी तुमचं नाव घेणार न्हाई. मी माझ्यापुरतं बोलणार.

आनंद किड्यांचा डॉक्टर होता. आपण हसायचो. माणसाचा न्हाई, ढोराचा न्हाई, अळीचा डॉक्टर. बदनापूरला खोली करून राहायचा अन् आठवड्यातले चार दिवस इथं, आईच्या वावरातल्या पत्र्याच्या शेडमधी. जाळी लावलेली, आत फळ्या, फळ्यांवर बरण्या. जाफराबादपासून भोकरदनपर्यंत गावोगाव फिरून कापसाची बोंडं गोळा करायचा. किडकी बोंडं. चांगलं बोंड दिलं तर परत द्यायचा. "काका, हे तुम्ही वेचा. मला सडकं पाहिजे."

मी त्याला एक बार इचारलं, "आनंद, पहिले बीटी कापूस खाऊन अळी मरायची. आता का मरत न्हाई? बियाणं खोटं झालं का?"

तो म्हणला, "बियाणं तेच आहे, काका. अळी बदलली."

मला राग आला. अळी काय शाळेत गेली का?

मंग त्यानं मला बांधावर बसवून सांगितलं. बीटीच्या वावरात सगळ्या अळ्या मरतेत, एखादी वाचते. ती तगडी. तिचा पतंग झाला अन् त्याची जोडी साध्या, बिगर-बीटी कापसावरच्या दुबळ्या पतंगाशी लागली, तर लेकरं दुबळी निघतेत. बीटी खाऊन मरतेत. पण शिवारात साधा कापूसच न्हाई, तर दुबळा पतंग येणार कुठून? तगड्याला तगडाच भेटतो. दर पिढीला तेच. अन् एका हंगामात तिच्या कैक पिढ्या होतेत. "म्हणून तर पाकिटात ती लहान पुडी यायची, काका. तुम्ही काय केलं तिचं?"

आठवते का पुडी? बियाण्याच्या पाकिटातली, साध्या कापसाची, कडेनं ओळी लावायची. कोणी लावली? हात वर करा. मी तर बांधावर फेकली. वर्षानुवर्षं फेकली. अळीसाठी कोण ताट वाढतं? माझ्या घरी तर तो पुड्या फेकायचा गमतीचा कार्यक्रम असायचा. अशी आपण ही अळी तयार केली. सगळ्या गावानं मिळून, एक-एक पुडी फेकून.

तो कैक वर्षं तेच मोजत होता. कोणत्या गावची अळी किती पिढ्यांत किती तगडी झाली, कोणत्या बांधावर साधा कापूस राह्यला अन् तिथं काय फरक पडला. म्हणून दर बरणीवर गावाचं नाव, वावरवाल्याचं नाव. हे ध्यानात ठेवा. मी पुढं याच्यावरच येणार आहे.

त्या दिवशी दुपारी आपण पारावर जमलो होतो. सगळ्यांच्या वावरात डोमकळ्या झाल्या होत्या. फूल उमलत न्हाई, गुलाबाच्या कळीवानी गुंडाळून राहतं, आत अळी. वेचणीला आलेल्या बाया रिकाम्या हातानं परत चालल्या होत्या. अन् कोणी तरी म्हणलं, अळी येती कुठून? त्या शेडमधून येती. तो पाळून राह्यला. पाळून सोडून राह्यला. अजून एक वाक्य कोणी तरी म्हणलं. गयाबाई बसल्यात, म्हणून ते वाक्य मी इथं बोलत न्हाई. तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या घरात ते लहानपणापासून बोललं जातं, मला नवं नव्हतं.

पन्नासेक माणसं निघाली. मी मधीच होतो. हातात बखराचं रुमणं, लाकडी दांडा होता, नीट करायला सुताराकडं नेत होतो. ते मी खाली ठेवलं न्हाई.

आनंद दारात उभा राह्यला. म्हणला, "या, बघा. पण जाळीचं दार ओढून घ्या, उघडं ठेवू नका." लोकं आत घुसले. बरण्यांमधी गुलाबी अळ्या वळवळून राह्यल्या होत्या. एकानं एक बरणी उचलली अन् वरचं नाव मोठ्यानं वाचलं. आंबादास. माझं नाव.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अन् मला इचारलं, "आंबादास, ही बोंडं तू दिली का याला?"

मंडळी, ती बोंडं मीच दिली होती. माझ्या हातानं, माझ्या वावरातली, चार दिवसांपूर्वी. माझी लेक साक्षीला होती. मला पक्कं ठाऊक होतं का ती अळी माझ्या वावरातून शेडमधी आली, शेडमधून वावरात गेली न्हाई. पन्नास माणसांमधी हे ठाऊक असलेला मी एकटा होतो. एक शब्द पुरे होता. होय, मी दिली. एवढंच.

आनंद माझ्याकडं बघत होता.  त्याला वाटलं, काका बोलतील.

मी म्हणलो, न्हाई.

का म्हणलो? भेलो. मला वाटलं, हो म्हणलं तर मला पण त्याच्यातलाच धरतील. अन् नुसतं न्हाई म्हणून भागणार न्हाई असं पण वाटलं. म्हणून पहिला घाव मी घातला. रुमणं उचललं अन् त्याच्या उजव्या हातावर मारलं. तो हात त्यानं डोक्यावर न्हाई, फळीवर आडवा धरला होता. बरण्यांच्या पुढं. हाड मोडलेलं मला रुमण्यातून हाताला कळलं. अजून कळतं.

मंग कोण थांबतं? दगड पडले. ओल्या पऱ्हाट्या उपटून आणल्या अन् त्यांनी त्याला झोडपला. फळ्या ओढून पाडल्या. तो बरण्यांच्या काचांवर पडला अन् त्याला त्या काचांवरून ओढत दारापर्यंत आणला. डोक्यात लाथ कोणी घातली, त्यानं आपल्या मनात बघावं. मी दुसरा घाव घातला. खोटं कशाला बोलू, तिसरा पण घातला. गयाबाई वावरातून धावत आल्या, हातात इळा होता त्यांच्या. त्या माऊलीनं तो कोणावर उगारला न्हाई. लेकराच्या अंगावर पडल्या फक्त. तेव्हा आपण थांबलो. तोवर सगळं करून झालं होतं.

जीपमधी त्याला मीच नेला. जाफराबादच्या दवाखान्यात म्हणले पुढं न्या, पुढं संभाजीनगरला नेला. डोकं माझ्या मांडीवर होतं. धोतर भिजलं. वाटंत त्यानं डोळे उघडले. मला वाटलं, आता हा इचारणार, काका, तुम्ही का मारलं.

तो म्हणला, "बरण्या फुटल्या का?"

मी म्हणलो, "फुटल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"मंग फरदड ठेवू नका कोणी. पऱ्हाट्या उपटा, जल्दी. यातल्या लई तगड्या होत्या. वावरात गेल्या आता."

पाचव्या दिवशी तो गेला. जीपमधलं ते त्याचं शेवटचं बोलणं. ऐकलं का तुम्ही? ज्या गोष्टीसाठी आपण त्याला मारलं, ती त्यानं कधीच केली नव्हती. ती आपण केली. साऱ्या परगण्यातली सगळ्यात तगडी अळी आपण लाथा घालून शिवारात सोडली. अन् आज पण तुमच्या पऱ्हाट्या उभ्या आहेत. फरदडीच्या, दोन जादा वेचण्यांच्या लोभापायी उभ्या आहेत. माझी मी परवा उपटली अन् जाळली. मरत्या माणसाचं एवढं तरी ऐकायचं का न्हाई?

तो म्हणायचा, कडेला चार ओळी दुबळ्यासाठी सोडल्या असत्या, तर सगळं शिवार वाचलं असतं. मी तेव्हा कापसाचंच समजत होतो.

गयाबाई, तुमच्याकडं माफी मागायला तोंड न्हाई मला. मागत पण न्हाई. तुम्ही दिली तर ती माझ्याकडून घेतली जाणार न्हाई. इथून मी जीपनं जाफराबादला चाललोय, पोलिसात. शिडी खोटी आहे, हे लिहून देणार आहे. रुमणं बरोबर घेतलंय, पोत्यात गुंडाळून, बाहेर लिंबाला टेकवलंय. माझ्या घरी सांगून आलोय. लेक म्हणली, बाबा, मला पण न्या, मी पण बघितलं होतं बोंडं देताना. ती जीपमधी बसली आहे.

आता शेवटी दोन मिनिटं उभं राहायची रीत आहे. गप्प. मी ते मागणार न्हाई. गप्प आपण लई राह्यलो. त्या दुपारी अर्धी माणसं मारत होती अन् अर्धी गप्प उभी होती. उभे राहा, पण मी काय बोलतो ते ऐका, अन् ज्याला बोलायचंय त्यानं माझ्या मागं बोलावं. जीपमधी अजून जागा आहे.

आनंद रोज मला आधी रामराम घालायचा. माझ्या पद्धतीनं, माझ्या देवाच्या नावानं. मी त्याला त्याच्या पद्धतीनं एक बार पण उत्तर दिलं न्हाई. आज देतो.

जयभीम, आनंद.

अन् त्या दिवशी मला जे इचारलं होतं, त्याचं उत्तर सगळ्या गावापुढं. होय. ती बोंडं मी दिली होती.