कॉम्प्युटरनं खाल्लेली बोलणी

…आणि वर मलाच विचारते, "काका, समजतंय ना?" अहो, काय समजतंय? टेबलावर पाच नळ ठेवलेत, मोजा म्हणाली. एक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर? चूक! शून्य, एक, दोन, तीन, चार! म्हणजे पहिला नळ शून्यावा! तुम्हाला सांगतो, अठरा वर्षं झाली मला नळ आणि पाइपांच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून, या हातांनी इतके नळ मोजले की गंज माझ्या बोटांना ओळखतो, पण एकदा तरी कुठला नळ म्हणाला का, की साहेब, मी शून्यावा? अरे, तू आहेस की नाहीस? आहेस ना? मग शून्य कसा? तर मॅडम म्हणते… मॅडम कसली, माझ्या पुतणीएवढी पोर, पण शिकवते म्हणून मॅडम… म्हणते, "काका, कॉम्प्युटर असाच मोजतो. भांडू नका त्याच्याशी, सवय करून घ्या." आता मला सांगा, यात माझं काय चुकलं?

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला झक मारायला? हौस नाही हो! मला कसली हौस? मालकांनी एक दिवस केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला. मालक चहा देतात म्हणजे काहीतरी जाणार, हे आमच्याकडे शिपायालासुद्धा माहीत आहे. म्हणाले, "हे बघा, तुम्ही काही परके नाही, घरचेच. पण आता सगळा माल कॉम्प्युटरवर घ्यायचा. कोर्स करा, पास व्हा, खुर्ची तुमचीच. नाही झालात पास तर… घरचेच आहात, समजून घ्याल." घरचेच! म्हणजे घरी बसायला मोकळे!

आणि हे बायकोला सांगितलं का? नाही सांगितलं. कसं सांगणार? ती एक शब्द बोलली नसती, पण त्या दिवसापासून पानात अर्धी पोळी कमी घेतली असती आणि विचारलं तर म्हणाली असती, "भूकच नाही हो." ते मला बघवलं नसतं. म्हणून म्हटलं, "सहज… शिकावंसं वाटलं कॉम्प्युटर." ती म्हणाली, "या वयात?" मी म्हटलं, "ज्ञानाला वय नसतं." असली वाक्यं माणूस कधी बोलतो? खोटं बोलताना! पण हेतू चांगला होता की नाही? मग माझं काय चुकलं?

तर क्लास. टायरच्या दुकानावर, लोखंडी जिना, वर एक लांबट खोली, सगळीकडे रबराचा वास, आणि कॉम्प्युटरसमोर बसलेली पोरं अशी, की त्यांच्या आणि माझ्या मध्ये एक आख्खी पिढी बसून चहा पिऊन जाईल. पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलं, क्ष बरोबर क्ष अधिक एक. मी हात वर केला. म्हटलं, मॅडम, हे कसं शक्य आहे? माझा पगार म्हणजे माझा पगार अधिक एक, असं होतं का? आमच्या गणिताच्या मास्तरांनी हे बघितलं असतं तर फळ्यासकट फोडून काढलं असतं! ती म्हणाली, "काका, हे बरोबरचं चिन्ह बरोबरचं नाही. याचा अर्थ ठेव. डब्यात जे आहे त्यात एक मिळव आणि परत डब्यात ठेव." मी म्हटलं, आणि खरंच बरोबर आहे का विचारायचं असेल तर? "मग ते चिन्ह दोनदा लिहायचं." म्हणजे एकदा म्हटलं तर हुकूम, दोनदा म्हटलं तर प्रश्न! आमच्या घरात तर नेमकं उलटं आहे!

मग ती बादली. कॉम्प्युटरला सांगायचं, बादली भरेपर्यंत पाणी ओत. सोपं ना? मी लिहिलं, बटण दाबलं… आणि सुरू झालं! पाणी ओत, पाणी ओत, पाणी ओत… पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला, थांबायचं नाव नाही! मी उठून उभा राहिलो, म्हटलं आता खाली टायरच्या दुकानात पाणी जाणार! मॅडम आली. "काका, बादलीत पाणी वाढतंय हे तुम्ही त्याला सांगितलंच नाही." अहो, मग एवढा वेळ तो ओततोय काय? "ओतत नाहीये. नुसतं म्हणतोय." म्हणजे आमचे मालक! पगार वाढवू, पगार वाढवू… आणि बादली कोरडी!

आणि चुकलं की लाल रेघ. माणूस चुकला तर समोरचा खाकरतो, नजर चुकवतो, "बघा बुवा" म्हणतो… हा बाबा थेट लाल! कुठे चुकलं? ओळ सातवर. सातव्या ओळीत बघावं तर काही नाही, चूक असते सहाव्या ओळीत, कंस उघडला आणि बंद केला नाही म्हणून. अरे, तुला एवढं कळतं की कंस बंद करायचा राहिलाय, मग कर की तूच! हात मोडलेत? पण नाही. आता मला सांगा, एका कंसापायी माणसाची नोकरी घालवायची? माझं काय चुकलं एवढं?

हे कमी होतं म्हणून मॅडमनं जाहीर केलं, की परीक्षा जोडीनं द्यायची. एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून चुका पकडायच्या. पोरांनी पटापट जोड्या लावल्या आणि उरलो कोण? मी! मॅडम म्हणाली, "काका, घरचं कुणी आणलंत तरी चालेल." मी हे घरी बोलायला नको होतं. बोललो. बायको म्हणाली, "मग बाबांना न्या ना! बिचारे दिवसभर बसून असतात." बाबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो.

आता मामा म्हणजे काय वल्ली आहे ते ऐका. उभा जन्म गेला मोठ्या हॉटेलच्या काउंटरवर, पाहुण्यांचं स्वागत करण्यात. पाहुण्यानं दुसऱ्याच्या खोलीचं कुलूप फोडलं तरी मामा म्हणणार, "क्षमा असावी, आमची दारं फारच सारखी दिसतात." चूक हा शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी बाहेर पडलेला नाही. त्यात मी कोण? जावई! म्हणजे कायमचा पाहुणा, बिल न भरणारा! आणि या माणसानं माझ्या चुका पकडायच्या!

पहिल्याच दिवशी मी अर्धी ओळ लिहिली. मामा म्हणाले, "वा!" मी खूश. बटण दाबलं, लाल. पुन्हा लिहिलं. मामा म्हणाले, "वा, वा! ही पण एक पद्धत आहे." लाल! मग हळूहळू मला त्यांची भाषा कळायला लागली. तुम्हाला सांगतो, नुसतं "वा" म्हणजे कुठेतरी बारीक चूक आहे. "वा, वा" म्हणजे आख्खी ओळ चुकली. आणि बाटलीचं झाकण उघडून अगदी मऊ आवाजात "जावईबापू, पाणी घ्या थोडं" म्हणाले, म्हणजे सगळं पुसा, घरी जा, उद्या या! आणि माणूस हुशार हो! आठ दिवसांत त्यांना सगळं यायला लागलं, चूक कुठे आहे ते मला दिसायच्या आधी त्यांना दिसायचं, मला त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या दिसायच्या… पण सांगतील तर शपथ! एकाला रीत माहीत नाही, दुसऱ्याला रीतच रीत, आणि मधे मी! आगीतून फुफाट्यात म्हणतात, तसं इकडून लाल आणि तिकडून वा!

परीक्षेचा दिवस. प्रश्न काय आला असेल? गोदाम! मालाची यादी दिली आहे, ज्याचा साठा दहाच्या खाली, त्याचं नाव दाखवा. मी म्हटलं, देव पावला! हे तर माझं रोजचं काम! भराभर लिहिलं, कंस मोजून बंद केले, बटण दाबलं… लाल नाही! तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा लाल नाही! नावं आली धडाधड, कोपर, टी, बूच, शॉवर… माझ्या डोळ्यांसमोर माझी खुर्ची आली, तिच्यावरची ती फाटकी गादी आली. मी अभिमानानं मामांकडे बघितलं.

मामांनी बाटलीचं झाकण उघडलं होतं.

"मामा," मी म्हटलं, "चालतंय की हो!" मामा म्हणाले, "चालतंय तर! सुरेख चालतंय. पाणी घ्या थोडं." वेळ संपत आलेली. मॅडम एकेका जोडीपाशी येऊन तपासत होती, आमच्या आधी दोनच टेबलं. मी म्हटलं, "मामा, हात जोडतो, काय चुकलं सांगा." मामांच्या कपाळाला घाम. "चुकलं असं नाही म्हणता येणार, जावईबापू…" "मग काय म्हणता येईल?" "दृष्टिकोनाचा थोडा…" "मामा!" माझा आवाज चढला. त्यांचे ओठ हलत होते, पण शब्द येईना. तो माणूस खरोखर तडफडत होता हो. आणि मग त्यांनी काय केलं? माझ्याकडे पाठ केली, कोटाचं बटण लावलं आणि कॉम्प्युटरला म्हणाले, "क्षमा करा, कॉम्प्युटरसाहेब. आपण यादी एकपासून का मोजता? शून्यावर वॉशर उभे आहेत, ते आपल्याला दिसत नाहीत का?"

लेकी बोले सुने लागे! मी यादी बघितली… वॉशर! तीनच शिल्लक, पहिलंच नाव, आणि मी पहिल्याच्या पुढून मोजायला सुरुवात केलेली! एकाचा शून्य केला, बटण दाबलं, वॉशर हजर! झालं ना? संपलं ना? मामांनी बसायला हवं होतं की नाही? पण एकदा झाकण उडालं ते उडालं!

"नेहमीचंच आहे हे तुझं!" साहेबावरून थेट तू! "समोरचं दिसत नाही तुला! कुणी सांगायला गेलं की, 'मला माहीत आहे!' लग्नात म्हणाला होतास, दर आठवड्याला भेटायला येऊ. आलास?" सगळी पोरं वळून बघायला लागली. लग्न? कॉम्प्युटरचं? "आलास की जेवतोस, सोफ्यावर आडवा होतोस आणि घोरतोस! माझ्या मुलीच्या वाढदिवसाला भेट काय देतोस? नळ?" आता तुम्हाला सांगतो, तो नळ साधा नव्हता, गरम-गार दोन्हीचा होता… पण ते जाऊ दे. "आणि नोकरी जायची वेळ आली तर घरात एका शब्दानं बोलला नाहीस! मला कळत नाही? हौसेनं कुणी इतकं रडत शिकतं? एकटाच गिळत बसलास… आम्ही काय मेलो होतो?"

आवाज फाटला त्यांचा. मी मान खाली घालून बसलो, कॉम्प्युटरही आपला गप्प, दोघं गुन्हेगार शेजारी शेजारी. मामांनी बाटली तोंडाला लावली आणि या वेळी पाणी स्वतःच प्यायले. अठरा वर्षं ज्याला मी नुसता गोडबोल्या समजत होतो, तो माणूस माझ्यासाठी रडत होता, आणि तेही कॉम्प्युटरकडे तोंड करून!

मॅडमनं आमचं काम बघितलं. म्हणाली, "काका, तुम्ही काठावर पास. मामांना मात्र पैकीच्या पैकी. इतक्या खोलात जाऊन चुका शोधणारा माणूस मी बघितला नाही."

तर नोकरी राहिली. खुर्ची राहिली, गादीसुद्धा तीच. गोदामात कॉम्प्युटर आला. आणि मामा रोज दुपारी यायला लागले. माझ्याशी तेच, "वा, वा, जावईबापू, तब्येत काय म्हणते?" मग कोटाचं बटण लावतात, खुर्ची ओढतात आणि कॉम्प्युटरला म्हणतात, "काल माझ्या मुलीवर का रे ओरडलास?" हमाल कामं टाकून ऐकायला थांबतात. मालकांनी विचारलं, हे कोण? काय सांगणार? म्हटलं, देखभालीला येतात.

आणि परवा, मामांच्या मागोमाग बायको आली. गोदामात कधी पाऊल न टाकलेली बाई! मी म्हटलं, "अगं, तू इकडे?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "बाबा, सरका जरा. मला पण बोलायचंय याच्याशी." आणि बसली पदर खोचून. लग्नापासून अहो-जाहो करणारी बाई… म्हणाली, "काय रे? तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं? झोपेत मालकांचे पाय धरत होतास तू! नोकरी काय, गेली असती तर दुसरी बघितली असती. पण मला परकी केलीस?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, पण तो बंद आहे!"

तर म्हणाली, "बंदच राहू दे. चालू असला की मध्ये मध्ये बोलतो."

…बसलो मग बंद होऊन. काय करणार!