मिस्त्री एसटीनंच जातो

खाप्याच्या एसटीच्या रांगेत यमुताईंच्या पुढचा मिस्त्री एकाएकी तोंड फिरवून उभा राहिला. समोर एक जुनी मोटार येऊन थांबली होती.

"धोंडबा, मीबी खाप्यालेच चाललो. चल ना गाडीत!"

"नाही भैय्याजी, एसटी येऊनच राहिली."

"काहून गा? इंजिन तूच बदललं ना?"

"मीच. एकदम फस्क्लास!"

"मंग पेट्रोलचा वास काहून येऊन राहिला?"

"पाइप नवा आहे. रबराचा."

"नेला कुठून?"

"खालून."

"सायलेन्सरच्या बाजूनं?"

"त्याच्यावरूनच. दुसरी जागाच नव्हती."

"तापत नाही का तो?"

"गावातल्या गावात नाही तापत."

"अन् खाप्यापर्यंत?"

"तुम्ही निघा ना भैय्याजी, उशीर होईल."

भैय्याजींनी इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली. यमुताईंनी मागं सरकून त्यांना रांगेत जागा करून दिली.