बाईंच्या पाठीमागे

—त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय गेलाय, मला सवय आहे म्हणून मी बसते, तू आपटशील. इकडे पलंगावर बस. अगं बस, चादर कालच बदललीय. काय म्हणालीस दारात — बाईंची मुलगी? बघू, उजेडात ये जरा. हो, हनुवटी तीच. आणि हे असं न बोलता टक लावून बघणं, हेही तेच! बाई अशाच बघायच्या, समोरच्याला वाटायचं आपलं बटण उघडं राहिलंय की काय. आठ महिन्यांची होतीस गं तू, मी कडेवर घेतलंय तुला, स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत, माझ्या खांद्यावर दूध ओकली होतीस. आता पन्नाशीची असशील. चष्मा लागला तुला. माझ्याकडे कुणी येत नाही फारसं — म्हणजे येतात, अगदीच नाही असं नाही, भाची रविवारी फोन करते, कधी कधी करते. पण असं येऊन बसणारं कुणी नाही. चहा टाकते. नको? मग मीही नाही घेत, एकटीचा चहा रोजच होतो.

कंपनी सगळी जुनी गाणी परत काढतेय म्हणालीस, होय ना? आणि बाई बाकी सगळ्यांना हो म्हणाल्या, फक्त त्या शेवटच्या रेकॉर्डच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणून तू मला शोधत आलीस. पत्ता कुणी दिला? व्हायोलिनवाल्याने? तो आहे अजून? कमाल आहे, तेव्हाच म्हातारा वाटायचा मेला. बरं, तो म्हणाला असेल की मागचीला विचारा. मला सगळे मागचीच म्हणायचे. नाव होतं मला, चांगलं नाव होतं, पण पगाराचा दिवस सोडला तर ते कुणी घ्यायचं नाही.

तुला माहीत आहे मी काय करायचे ते? नाही? बाईंनी सांगितलं नाही कधी? ... नाही ना. बरं. तर ऐक. तेव्हा माईक एकच. आत्तासारखं नाही की प्रत्येकापुढे एकेक आणि आवाज कमीजास्त करायला कुणीतरी बटणं घेऊन बसलाय. अख्ख्या खोलीला एक माईक, त्याच्यापुढे गाणारा, मागे वाजवणारे, आणि पलीकडे काचेच्या आड साहेब — रेकॉर्ड करणारे साहेब — त्यांच्यापुढे मेणाची ही एवढी जाड तबकडी फिरायची, तिच्यावर सुई रेघ कापत जायची. गाणारीने आवाज चढवला की सुई उडायची, तबकडी वाया. आवाज उतरवला की काहीच उमटायचं नाही. मग करायचं काय? तर गाणाऱ्यालाच मागेपुढे करायचं! सूर चढला की दोन पावलं मागे, उतरला की परत पुढे, अगदी माईकला नाक लागेल इतकं. पण गाणाऱ्याचं लक्ष गाण्यात. त्यातून आपल्या बाई डोळे मिटून गाणार. मग मागे एक माणूस उभा करायचा, त्याने खांदे धरायचे आणि हलवायचं. आधी एक बाप्या ठेवला होता. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हा पुरुष मला हात लावणार असेल तर मी निघाले. मग साहेबांनी मला बोलावलं, मी तेव्हा खाली लेबलं चिकटवत होते. म्हणाले, तुला सूर कळतो का? मी म्हटलं, कळतो की नाही ते माहीत नाही, पण चढला की पोटात खड्डा पडतो. म्हणाले, बास, तेवढंच लागतं.

नऊ वर्षं. नऊ वर्षं हे हात त्या खांद्यांवर. असे — नाही नाही, तुझ्या खांद्यावर नाही ठेवत, घाबरू नकोस, नुसतं दाखवते. अंगठे मागे, बोटं पुढे. बोट दाबलं की मागे, तळवा लावला की पुढे. पहिल्या महिन्यात दाबावं लागायचं, मग नुसतं टेकवलं तरी पुरायचं, आणि मग — मग तर सांगूच नये, त्यांचा सूर चढायच्या आधी मला कळायचं. पाठीत कळायचं. पंखा बंद असायचा, पंख्याचा आवाज उमटतो ना, खिडक्या बंद, घामाने आम्ही दोघी निथळायचो, आणि त्या तीन मिनिटांत जगात दुसरं कुणी नाही. तुझ्या आईचा चेहरा मी इतरांइतकाच पाहिला असेन, पण ती मान मला तिळासकट पाठ आहे. टाळ्या समोरून पडायच्या, मी मागे. फोटो निघायचा तेव्हा साहेब म्हणायचे, मागची, जरा बाजूला हो. व्हायचे बाजूला. मला त्याचं काही नव्हतं. खरंच काही नव्हतं गं, तोंड वाकडं करू नकोस.

शेवटचा दिवस ना... हो, तेच विचारायला आलीस तू. काय सांगू, मेणच धड नव्हतं त्या दिवशी. मेणाच्या तबकड्या कपाटात गरम करून ठेवायच्या, गार मेणावर सुई घसरते. पहिल्या वेळी व्हायोलिनची तार तुटली. दुसऱ्या वेळी कुणीतरी खोकलं, त्या पेटीवाल्याला सर्दी होती. उरली एक तबकडी, ती गार झाली असणार. म्हणून आवाज असा आला, शेजारच्या घरातून यावा तसा. त्यात कुणाचा दोष नाही. आणि तेव्हा लगेच ऐकताही यायचं नाही हं, मेण एकदा वाजवलं की मोडलं. ते कारखान्यात जाणार, छाप निघणार, महिन्याने सॅम्पल येणार, तेव्हा कळणार आपण काय केलं ते. महिन्याने आलं. साहेब म्हणाले, आवाज बसला. वरचे लोक म्हणाले, आवाज बसला. झालं. मेणाचं कुणी म्हटलं नाही.

का बघतेयस अशी?

... काय? परत बोल. ... कोण म्हणालं? बाई म्हणाल्या? तुला? ... ‘तू झालीस आणि माझा गळा गेला’ — असं? किती वर्षांची होतीस तू? ... सहा. आणि मग नेहमीच. भांडण झालं की. ... गाणं शिकायचं म्हणालीस तेव्हाही. ... अगं पण ते रागात बोलतात आया — नाही, थांब, मला बोलू दे — वरचे साहेब म्हणाले होते तसं, हे मला आठवतं, बाळंतपणानंतर होतं कधी कधी, पोटातून जोर लागत नाही, असं म्हणाले होते. पण ते मी विसरून गेले होते. मला काय माहीत ते घरी जाऊन तुझ्यावर पडलं! मला कसं माहीत असणार? मी इथे माझं माझं घेऊन बसले होते, मला वाटायचं जे काय आहे ते बाईंचं आणि माझं आहे. तिसरं कुणी त्यात आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. देवा रे.

पाणी दे जरा. तिथे, झाकलेलं आहे.

मेण गार नव्हतं.

बस खाली, उठू नकोस, मला एकदाच सांगता येईल. त्या दिवशी सकाळी बाई आल्या त्याच हसत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस, मी दुसऱ्या कंपनीत चाललेय, समुद्रापलीकडून नवी यंत्रं आणलीत त्यांनी, चार-चार माईक, गाणाऱ्याने जागचं हलायचं नाही. आणि माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या — त्यांच्या मनात काही नव्हतं हं, अगदी मायेने म्हणाल्या — ‘सुटलीस गं बाई तू माझ्या पाठीमागून!’ सुटलीस. मी हसले. काय करणार? मी म्हटलं, बरं झालं, पाय दुखतात हल्ली. नऊ वर्षांत त्यांना वाटलं नाही की विचारावं, तुझं काय? तू येतेस का? काम नसेना का, नुसती ये — असंसुद्धा नाही. जसा आपण जुना जिना सोडतो तसं. आणि मी काही मागायची हिंमत केली नाही. मला त्या फार — मला त्या आवडायच्या गं. सांगते आता, ह्या वयात काय लपवायचं? घरी जाऊन मी हात धुवायचे नाही लगेच.

तिसऱ्या वेळी लाल दिवा लागला. सुरुवात झाली, सगळं नीट. मधला चढ आला, मी त्यांना दोन पावलं मागे घेतलं. नेहमीसारखं. मग शेवटचं कडवं, ते उतरत जातं, अगदी कानात सांगितल्यासारखं आहे ते, तिथे त्यांना माईकला चिकटवायचं. आणि मी नाही आणलं पुढे. चुकले? नाही चुकले. हात विसरले? नऊ वर्षं न विसरणारे हात त्याच दिवशी कसे विसरतील? मी धरून ठेवलं. वाटलं, अजून थोडा वेळ. एक ओळ. मग दुसरी. त्या एकदा पुढे झुकल्या गं — त्यांना कळलं होतं, सूर उतरला की पुढे जायचं हे त्यांच्याही अंगात भिनलेलं — झुकल्या, आणि मी बोटं दाबली. दाबली की मागे. आणि त्यांनी ऐकलं माझं! डोळे मिटलेले. वाटलं असेल, हिला जास्त कळतं. शेवटपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, दोन पावलं मागे, आणि इतक्या सुंदर गायल्या, मी सांगते तुला, त्या खोलीत त्या दिवशी जो आवाज होता तसा मी पुन्हा ऐकला नाही. फक्त माईकपर्यंत पोचला नाही तो. साहेब काचेच्या आड, त्यांच्या आणि बाईंच्या मध्ये माझी पाठ. त्यांना जे ऐकू आलं त्यावरून त्यांना वाटलं गळाच बसला. वाजवणारे बघत होते आपापल्या कागदाकडे.

हे झालं एक. ह्याला मी चूक म्हणून घेतलंही असतं, माणूस आहे, होतं एखादं. पण पुढचं ऐक. सॅम्पल आलं तेव्हा बाईंना बोलावलं होतं ऐकायला. ऐकलं. त्या दुसऱ्या कंपनीच्या माणसाच्याही कानावर गेलं होतं तोवर, त्याने निरोप पाठवला होता की सध्या राहू द्या. बाई सगळ्यांना सोडून माझ्याकडे आल्या. जिन्याच्या कठड्यापाशी. म्हणाल्या, ‘तू मागे होतीस. तुला खोटं बोलता येत नाही. माझा आवाज गेला का गं?’ आणि मला — तुला शपथेवर सांगते, त्या क्षणाला मला वाटलं, आता ह्या कुठे जाणार नाहीत. इथेच राहतील. थोड्या दिवसांनी बरं वाटलं की परत गातील, मी मागे असेन. म्हणून मी म्हटलं, ‘थकलाय जरा, बाई.’ एवढंच. तीन शब्द. बाई हो म्हणाल्या, मान हलवली, जिना उतरल्या, आणि परत आल्याच नाहीत. कंपनीत नाही, कुठेच नाही. मला वर्षभरात खाली पाठवलं, कागदी पाकिटांत रेकॉर्डी भरायला. बाईंच्याही भरल्या.

जाऊन सांगायचं होतं. पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर निस्तरलं असतं सगळं. दोनदा गेले घरापर्यंत. आतून तुझं रडणं ऐकू यायचं, म्हटलं, आत्ता नको, पोर उठलीय. तिसऱ्यांदा गेलेच नाही. मग वर्षं झाली, मग म्हटलं आता काय उपयोग. पण तू — सहा वर्षांची पोर — तुझा काय संबंध होता गं ह्यात? काही नाही. ऐकलंस ना? काहीएक संबंध नव्हता तुझा. गळा कुणाचाच गेला नव्हता. मी धरून ठेवला होता.

रडू नकोस. किंवा रड, तुझं तू बघ, मी कोण सांगणारी. ... हे काय, कुणाला लावतेयस? नको. अगं नको, तू सांग ना घरी जाऊन, तुझ्या पद्धतीने सांग, मला नाही जमणार, पन्नास वर्षं मी त्यांच्याशी — तू वेडी आहेस का? बंद कर तो. बंद —

... हॅलो. ... बाई? ... मी. मागची. ... हो. ... हो, आहे अजून. ... नाही, पाय बरे आहेत, गुडघे तेवढे. ... तुमची मुलगी आलीय माझ्याकडे. ... नाही, ठीक आहे ती. बाई, मला बोलू द्या, नाहीतर राहील. त्या दिवशी आवाज थकला नव्हता. ... शेवटच्या दिवशी. चांगला होता. नेहमीपेक्षा चांगला होता. मी तुम्हाला पुढे आणलं नाही. तुम्ही झुकलात तरी आणलं नाही. ... हो. ... नाही, चुकून नाही. ... मुद्दाम, बाई. ... हो, आणि जिन्यावर खोटं बोलले. ... ऐकताय ना? ...

... बरं. ... बरं, देते.

घे. तुला दे म्हणाल्या. नाही, ओरडल्या नाहीत. मला काहीच नाही म्हणाल्या. ‘माझ्या पोरीला दे’ — बास. घे ना गं, थांबल्यात त्या. इथे नको बोलूस. बाहेर जा, जिन्यात जा, त्या तुला जे काय सांगतील ते मला ऐकायचं नाही, ते माझ्यासाठी नाहीये. जा. आणि दार ओढून घे, नुसतं लोटलं की उघडतं ते.