एका फोटोने सरकलेली रांग

…आणि डॉक्टर मला म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका!" अकरा वर्षं दातांच्या दवाखान्यात एक्स-रे काढतेय हो मी, आणि गुन्हा काय माझा? मी फक्त नीट लावायला गेले!

तुम्हाला सांगते, मशीन फोटोला नुसता नंबर देतं. असे सहाशे जबडे एकाच फोल्डरमध्ये! डॉक्टर रोज करवादणार, "बाई, हा कॉम्प्युटर आहे की उकिरडा?" म्हणून चार दिवस व्हिडिओ बघून शिकले, शेल स्क्रिप्ट! म्हणजे काय, कॉम्प्युटरला दहा ओळींचा हुकूम… रजिस्टरातलं पहिलं नाव पहिल्या फोटोला, दुसरं दुसऱ्याला, आणि ज्याचं त्याचं वेगळं फोल्डर. एंटर दाबलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं चकाचक! रडूच आलं मला.

पण भावोजी हलले होते ना! थोरले दीर माझे. मी म्हणतेय, "भावोजी, हलू नका," आणि हे तोंडात पट्टी धरून मला विनोद सांगतायत! फोटो फिसकटला, दुसरा काढला. नाव एक, फोटो दोन! तिथून अख्खी रांग एकेकाने सरकली… आणि भावोजींच्या मागे कोण? जाऊबाई! त्यांच्या फोल्डरात नवऱ्याची किडकी दाढ!

मला कळलं कधी? डॉक्टरांनी पकड उचलली तेव्हा! पडद्यावर किडक्या दाढेशेजारी चांदी भरलेली दाढ, आणि जाऊबाईंनी जन्मात दात भरून घेतलेला नाही. म्हटलं, "डॉक्टर, जरा…" तर जाऊबाई आ वासूनच माझ्यावर डाफरल्या, "हू हप्प बह!" थोरल्या जावेचा शब्द… बसले गप्प.

कट्ट! दाढ बाहेर, मोत्यासारखी! डॉक्टरांनी दाढ पाहिली, पडदा पाहिला, मग मला पाहिलं. मी फक्त नीट लावायला गेले हो!

नोकरी तर गेलीच. निदान पुढच्या एकतीस जणांना फोन करून थांबवावं, म्हणून मुकाट्याने यादी पुढे केली. "याला करा… हिला करा…" करत डॉक्टरांचं बोट एका नावावर थांबलं. त्यांच्या सासूबाई! उद्या अकराला येणार, आणि फोल्डरात रांगेतल्या त्यांच्या आधीच्या कुलूपवाल्याच्या चार सडक्या दाढा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"त्यांना कशाला उगाच फोन? येऊ देत."

"आणि मी, डॉक्टर?"

"तुम्ही साडेदहाला या. पकड उकळून ठेवा."